मान्यवरांची पानं

मानवजातीच्या इतिहासात तीनच क्रांत्या झाल्या: आग, चाक आणि मार्कडाऊन. असं सिद्धोधनसरांनी पूर्णेच्या कॉलेजात जाहीर केलं, तेव्हा ऐकायला एकटे हेडक्लार्क उद्धवराव होते, आणि त्यांचंही निम्मं लक्ष डब्याच्या न निघणाऱ्या झाकणात होतं.

क्रांती साधी होती. मार्कडाऊन म्हणजे मजकुराच्या साध्या फाइलीत लिहीत जायचं. एक स्लाइड संपली की मोकळी ओळ सोडून किमान तीन छोट्या आडव्या रेघा ओळीनं मारायच्या. मग एक प्रोग्राम ती फाइल गिळतो आणि वेबसाइटीसारखी पानं बाहेर टाकतो. कॉलेजातलं स्लाइडी बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर मुदत संपली म्हणून केव्हाच संपावर गेलं होतं. हे फुकट होतं.

पण सरांच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. विद्यार्थी कमी म्हणून संस्था कॉम्प्युटर विभाग बंद करायला निघाली होती. सर तासिकेवर, विभाग गेला की सरही गेले. शिवाय खेड्यापाड्यांतून पॅसेंजरनं येणाऱ्या पोरी. त्यांना कुणी नांदेडला शिकायला धाडणार नव्हतं. आज संचालक मंडळ येणार होतं. सरांनी शेवटच्या स्लाइडवर एकच ओळ ठेवली होती, 'विभाग चालू ठेवावा', आणि आधीच्या साऱ्या स्लाइडी तिच्यासाठी वाट झाडत होत्या.

"सर, मान्यवरांची नावं कुठं हायेत?" उद्धवरावांनी विचारलं.

"नावं कशाला?"

"कशाला? तुमी तर जायलाच लागलात. मला इथं रिटायर व्हायचंय."

सर वैतागले. "मग बसा, तुमीच लिहा. साधं लिहायचं, बाकी मशीन करतंय."

उद्धवराव बसले. मोठ्या माणसाच्या नावाला वरखाली जागा सोडायची आणि खाली रेघ मारायची, हा त्यांचा नोटीस लिहिण्याचा जुना शिरस्ता. अध्यक्षांपासून सुरुवात करून त्यांनी एकही नाव रेघेवाचून ठेवलं नाही. तेवढ्यात गाड्या आल्या. सरांनी घाईघाईत प्रोग्राम चालवला, पहिलं पान बरोबर दिसलं, आणि ते हार घेऊन पळाले.

सभागृहात सरांनी दुसरी स्लाइड काढली. अख्ख्या पडद्यावर एकटे अध्यक्ष आबासाहेब. टाळ्या पडल्या. आबासाहेबांनी उठून हात जोडले. तिसरीवर उपाध्यक्ष. टाळ्या, नमस्कार. चौथीवर सचिव. सरांना घोटाळा कळला: उद्धवरावांच्या प्रत्येक रेघेला मशीननं नवी स्लाइड काढली होती. त्यांनी भराभर बटण दाबायला घेतलं, तर मागून उद्धवराव कुजबुजले, "सर, नाव खाऊ नका! ते आबासाहेबांचे व्याही हायेत!"

व्याही उठले. त्यांना पडद्यावर आपलं नाव पाहून गहिवरून आलं, चार शब्द बोलावेसे वाटले, आणि ते बोलले. मग त्यांच्या शेजारच्यांनाही वाटलं. सर रिमोट धरून उभे, जणू स्वतःच्याच मयताला आलेले पाहुणे मोजतायत.

नावं संपली तेव्हा आबासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला गंगाखेडला लग्नाला जायचंय. लय झकास झालं."

"साहेब, एकच मिनिट!" सरांनी मधलं सारं ओलांडून शेवटची स्लाइड आणली. खुर्च्या सरकत होत्या. आबासाहेबांनी चष्मा चढवून वाचलं, "विभाग चालू ठेवावा."  सर एक पाऊल पुढं आले. मग सवयीनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

"विषय पुढच्या बैठकीत घेऊ," आबासाहेब म्हणाले. पुढची बैठक दिवाळीनंतर. सरांचे तास या महिनाअखेरीला संपत होते.

सर जिन्यापर्यंत त्यांच्या मागं गेले. "साहेब, पोरी शिकायच्या थांबतील हो."

आबासाहेब थांबले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी खरोखर जिव्हाळ्यानं पाहिलं.

"सर, माझ्या नावाचं तेवढं पान व्हॉट्सॲपवर टाका की. मागं एखादं गुलाबाचं फूल असलं तर बरं."