चांगला हात

बांधकामाच्या परांचीवरून पडून तीन महिने झाले होते आणि ओळंबेमास्तरांचा धीर पार संपला होता. त्यांनी गिलावा केलेली भिंत ओळंब्याच्या सरळ दोरीपासून रेसभरही कलत नसे, म्हणून कामावर सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. मुकादमाचा निरोप आला होता : सोमवारी डॉक्टरचा 'कामाला हरकत नाही' असा कागद आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा गवंडी घेतो. मास्तर दवाखान्यात ठरवूनच आले होते, जीव गेला तरी दुखतं म्हणायचं नाही. सोबत आलेल्या बायकोलाही त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता.

डॉक्टरबाईंनी उजवा हात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. त्यावर आपला अंगठा घट्ट रोवून त्यांनी पंजा करंगळीकडून अंगठ्याकडे सावकाश वळवला आणि दाब सोडला. आत हाड खटकन हललं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखलं?"

"छे! काहीच नाही."

"आता डावा द्या."

मास्तर चपापले. पडताना दोन्ही हात टेकले होते. प्लास्टर उजव्याला बसलं, मग डाव्याचं रडगाणं कुठं गायचं, म्हणून स्वारी गप्प राहिली होती. डावाही खटकला. मास्तरांनी दात आवळून धरले.

"याला काही लागलं होतं?"

"त्याला कशाला लागेल?"

"दोन्हीकडे सारखंच खटकतंय आणि दुखत नाहीये. म्हणजे तुमचे सांधे मुळातच सैल असणार. दुसऱ्या हाताशी ताडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही," असं म्हणत बाईंनी कागदावर सही केली. मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी शिकलेली बाई, पण आपण तिला सहज गुंडाळलं!

"तरी आठवड्यातून एकदा घरी तपासत जा. दुखायला लागलं तर लगेच या." बाईंनी बायकोला जवळ बोलावलं, अंगठा कुठं रोवायचा ते दाखवलं आणि आधी चांगल्या हातावर करून बघायला सांगितलं. बायकोनं डावा हात घेतला. मास्तरांचं सगळं लक्ष उजव्या हातातल्या कागदावर होतं.

"आई गं!"

बाहेर बसलेले पेशंटही दचकले.

बायकोनं हात सोडला नाही. "अहो, हा तर चांगला ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. "तीन महिने पाण्याची भरलेली बादली मी तुमच्या याच हातात देतेय. एका शब्दानं बोलला नाहीत?"

मास्तरांनी कागद एकदा नीट वाचला आणि टेबलावरून डॉक्टरबाईंकडे परत सरकवला.

"दोन्ही दुखतात," ते म्हणाले. "डावा जास्त."