बोरटोल्याचा एकच नंबर

पोंभुर्ण्याच्या बाजारपेठेतली ती रक्त-लघवी तपासणीची लॅब ज्योत्स्ना मॅडमची. पण काउंटरवर राज्य दिनेशचं. मॅडम आतल्या खोलीत काचपट्ट्या तपासत बसायच्या आणि बाहेर हा कॉम्प्युटरपुढे बसून साऱ्या बाकाला ऐकू जाईल असं पुकारायचा, "शुगरवालं कोण आहे? थुंकी कोणाची? लघवीची बाटली आणली का बाई?" पदराआड बाटली लपवून उभ्या असलेल्या बाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. दिनेशच्या हे गावीही नव्हतं. तो कामाला वाघ होता, आणि कामाला वाघ असलेल्या माणसाला सहसा कोणी काही बोलत नाही.

गेल्या साली लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. जाडजूड रजिस्टरं माळ्यावर गेली, रिपोर्ट तयार झाला की थेट पेशंटच्या मोबाइलवर जाऊ लागला. फक्त एक अडचण होती. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नसे, आणि जंगलातल्या टोल्यांवरून, म्हणजे लहान वस्त्यांवरून येणाऱ्या निम्म्या लोकांकडे मोबाइलच नसे. दिनेशने त्यावर तोड काढली. बोरटोल्यात रेंज कुठे येते? तर रस्त्याच्या चढावरच्या झिंगूच्या किराणा दुकानात. गावचे पेशंट जीपमध्ये बसवून लॅबपर्यंत कोण आणतो? झिंगूच. मग बोरटोल्याचा माणूस आला की नाव त्याचं आणि नंबर झिंगूचा! काम झटपट होऊ लागलं. आणि काम झटपट झालं की ते बरोबरच झालं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, नाही का?

एका बाजारच्या दिवशी एक म्हातारा लॅबमध्ये आला. वहाणा दाराबाहेर काढून, खांद्यावरचं फडकं सावरत तो कोपऱ्यात उभा राहिला.

"काय तपासाचं आहे आजोबा?" दिनेश बसल्या जागेवरून ओरडला. "शुगर का लघवी?"

म्हाताऱ्याने बाकावरच्या माणसांकडे एकदा पाहिलं. "तुमचं होऊ द्या. मी थांबतो."

तो थांबला. माणसं येत गेली, जात गेली, बाक रिकामा झाला, तेव्हा कुठे तो काउंटरजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माहं नाव वारलू. बोरटोल्याच्या चंदाचा आजा. धानाच्या रोवण्याच्या वक्ती पोरगी बांधावर चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरनं रक्त तपासाले सांगतलं, म्हणून तुमच्याकडे आली होती."

"आठवते ना. तिचा रिपोर्ट तं कवाचाच पाठवला."

"कोणाले पाठवला?"

"तुमच्या गावच्या नंबरवर."

"गावाले चक्कर आली होती का बाबू?" वारलूचा आवाज चढला नाही. "रक्त तं पोरीचं होतं."

दिनेश हसला, पण म्हातारा हसत नव्हता. दिनेशचं हसू ओठांवरच राहिलं.

"झिंगू वाईट माणूस नाई," वारलू सांगू लागला. "फोनवर काही आलं का तो सगळ्याइले वाचून दाखवते, गावाच्या कामी येतो म्हणते. इंग्रजी त्याले अर्धी समजते. दुकानापुढं माणसं बसली होती. त्यानं 'सिकल' वाचलं, लाल अक्षरं पाह्यली आन् म्हणाला, चंदाच्या रक्तात मोठी बिमारी आहे. नवरदेवाकडचा मामा तिथीच मीठ घेत उभा होता. मोहफुलं वेचून झाली का लगन कराचं ठरलं होतं. आता निरोप आला, राहू द्या म्हणून. पोट्टी घराच्या बाहेर निघत नाई बाबू. पाण्याले बी तिची माय जाते."

दिनेशने घाईघाईने चंदाचा रिपोर्ट उघडला आणि तो जवळजवळ ओरडलाच, "पण आजोबा, ही बिमारी नाहीच! ती सिकलसेलची नुसती वाहक आहे. आई नाहीतर बापाकडून थोडं आलं रक्तात, इतकंच. तिले काही होणार नाही. नवराही वाहक निघाला, तरच पुढच्या लेकरांचा विचार करावा लागते. चक्कर आली तो अशक्तपणा रक्त कमी असल्याचा आहे, गोळ्यांनी जाईल!"

"हे तुले ठाऊक होतं?"

"हो तं!"

"मंग पोरीले काऊन नाई सांगतलं?"

कागदाचा जमाना होता तेव्हा माणूस रिपोर्ट न्यायला यायचा, मॅडम त्याला आत बसवून दोन शब्द समजावून सांगायच्या. रिपोर्ट फोनवर जाऊ लागल्यापासून माणूस यायचा बंद झाला, आणि ते दोन शब्दही बंद झाले. त्याची उणीव आजवर कोणालाच भासली नव्हती. दिनेशला तर मुळीच नाही.

"आमच्या गावचा पुजारी शिकलेला नाई," वारलू म्हणाला. "पण दुखणेकरी आला का तो आधी बाकीच्याइले आंगणाबाहेर काढते. सोबत आलेल्याले बी म्हणते, जा, त्या झाडाखाली बस. मंगच विचारते, काय दुखून राह्यलं. त्याच्या औषधानं बरं होते का नाई, ते देव जाणे. पण त्याच्या आंगणातली गोठ बाहेर जात नाई. तुमच्या मशीनले येवढं बी समजत नाई का?"

"मशीनले काय समजते आजोबा! नंबर तं मीच..."

काहीतरी करायला हवं म्हणून त्याने झिंगूचा नंबर टाकून शोध घेतला, आणि पडद्यावर अख्खा बोरटोला उभा राहिला! कोणाचा क्षय, कोणाच्या पोटातलं मूल, कोणाची शुगर. नावं सरकत होती आणि संपत नव्हती. हे सगळं त्याच्या हातून त्या दुकानापुढच्या बैठकीत जाऊन पडलं होतं.

"बघा आजोबा, केवढी मोठी चूक झाली," म्हणत त्याने सवयीने पडदा म्हाताऱ्याकडे वळवला.

वारलूने झटकन तोंड फिरवलं. "मले नको दाखवू बाबू. ज्याचं त्याचं दुखणं, ज्याचं त्याले ठाऊक."

अरे देवा! कबुली देतानाही तो तेच करत होता. दिनेशने पडदा परत वळवला. आधीच्या नोकरीत त्याला साहेबांनी झापलं होतं, गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या होत्या. पण त्या फिरवलेल्या तोंडाने त्याला जेवढं खजील केलं, तेवढं कशानेच केलं नव्हतं.

"मी उद्या येतो," तो काकुळतीने म्हणाला. "झिंगूच्या दुकानापुढं उभा राहतो, सगळ्याइले सांगतो, चंदाले काही झालं नाही म्हणून!"

"कोणाले विचारून?" वारलू म्हणाला. "पुन्हा तिच्या रक्ताची गोठ चारचौघाइत कराची? आधी तिले विचार."

ज्योत्स्ना मॅडम केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. "चूक एकट्या दिनेशची नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "लॅब माझी आहे. रिपोर्टवर सही माझी होती. तो कोणाच्या हाती पडतो, हे मी कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं बोरटोल्याला गेली. मॅडम चंदाला घेऊन घरात बसल्या. दिनेशला कोणी सांगितलं नाही, तरी तो कुंपणाबाहेरच्या झाडाखाली जाऊन थांबला. बऱ्याच वेळाने चंदा दाराशी आली. पोरगी शेलाटी, डोळे रडून सुजलेले.

"माफी मागाले आले?"

"हो."

"माफी ठीक आहे भाऊ. पण मामानं जे ऐकलं, ते त्याच्या कानातून कसं काढसान?"

चार माणसांत सांगू का, हे दिनेशने कसंबसं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाई. कोणाले काय सांगाचं, ते मी पाहीन." आणि ती आत गेली.

परतताना दोघं दुकानावर थांबली. झिंगूने आलेले सगळे रिपोर्ट त्यांच्या देखत पुसून टाकले. "लोकाइच्या कामी येतो म्हणून वाचत होतो, बाप्पा," तो पुटपुटला आणि बराच वेळ उगाच तराजू पुसत राहिला.

लॅबमध्ये आल्यावर दिनेशने सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला फोन लावला. मोबाइल नंबर नसलेल्या पेशंटचं काय करायचं? पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, खाली 'नंबर नाही' असा चौकोन आहे. तिथे खूण करा. तो पहिल्यापासूनच आहे." पहिल्यापासून! ज्याने कधी खाली नजरच टाकली नाही, त्याला तो दिसणार कुठून?

आता दिनेश उठून पेशंटजवळ जातो, हळू आवाजात विचारतो, "रिपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा?" उत्तर मिळेपर्यंत तो एकही अक्षर टाइप करत नाही. वाहक असलेल्या माणसाला मॅडम स्वतः बोलावून घेतात. काउंटरसमोरचा बाकही आता दूर भिंतीशी गेला आहे.

धान कापणीच्या सुमारास चंदा आली. रक्त वाढलं का, ते पाहायचं होतं. लग्नाचं काय झालं हे विचारायचं दिनेशच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. तो आपला अधिकार नाही, हे त्याला उशिरा का होईना कळलं होतं.

"रिपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा?"

"माह्या. मी इथीच बसीन."

रिपोर्ट होईपर्यंत ती बसून राहिली. त्याने बंद पाकीट तिच्या हातात ठेवलं. तिने ते फोडून पाहिलं, घडी करून कमरेला खोचलं आणि विचारलं, "आणखी कोणाले नाई ना गेला?"

"नाही."

"बराबर पाहा."

त्याने कॉम्प्युटरवर पुन्हा उघडून पाहिलं. नव्हता गेला. तसं सांगताना मात्र त्याला मान वर करवेना. ती निघून गेली, तरी तो तसाच उभा होता.

दिनेशला हसू नका, मंडळी! आजारी नातेवाइकाचा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकताना आपण तरी कुठे त्याला विचारतो? रक्त ज्याचं, रिपोर्ट त्याचा. तो आपल्या हाती आला, तर ती ठेव समजावी आणि ज्याची त्याला देऊन मोकळं व्हावं. बोललेलं परत घेता येत नाही. म्हणून बोलण्याआधी विचारावं.