माझी फायबरची सवत

मी एक सीट बोलतेय. मोटारसायकलची. लांब, काळी, दोघांची. सध्या मी मोटारसायकलवर नाही. गॅरेजच्या भिंतीशी विटांवर टेकवलेली आहे, आणि माझ्या मधोमध एक चौकोनी खड्डा आहे. तो कसा पडला, तेच सांगायचंय. पण आधी माझा स्वभाव माहीत असू द्या. मी जळकी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि मोटारसायकलवर राहायचं म्हणजे सतत दुसऱ्याचंच कौतुक ऐकायचं.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. खाली लोखंडी पत्रा, त्यावर साच्यातून काढलेला फोम, आणि वरून दोन माणसांनी दोन्हीकडून ओढून ताणलेलं काळं रेक्झिन. मधोमध एक पट्टा, मागच्याला धरायला. त्या ओढाताणीत मी अशी टणक झाले की बोट रुतायचं नाही. वाटलं, आपल्यासारखं कुणी नाही. मग मला गाडीवर चढवलं, आणि समोर बघते तर टाकी. लाल, चकचकीत, कडेने सोनेरी रेघ! दुकानात येणारा जो तो तिच्यावरून हात फिरवायचा आणि माझ्यावर नुसता बसायचा. हात फिरवणं वेगळं आणि बसणं वेगळं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

मला घरी आणलं ते एका छापखान्यात मशीन चालवणाऱ्या तरुणाने. त्याचं लग्न ठरलं होतं. त्यामुळे त्याने दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल. "दोघं नीट बसतील ना?" एवढ्या एका वाक्यावर मी त्याची कायमची झाले. पुढे घरात सगळे त्याला बाबा म्हणू लागले, म्हणून मीही बाबाच म्हणते.

आई पहिल्यांदा मागे बसली तेव्हा माझा पट्टा तिने दोन्ही हातांनी असा आवळला होता की काय सांगू! वळण आलं की आणखी घट्ट. पण थोड्याच दिवसांत तिचा एक हात पट्ट्यावरून उठला आणि बाबांच्या खांद्यावर गेला. मग दुसराही गेला. माणसाच्या खांद्याचाही हेवा वाटावा, अशी मी बया आहे.

मोठा मुलगा झाला तो टाकीवर बसायला लागला. पुन्हा टाकी! तो तिच्यावर चापट्या मारायचा, तोंडाने गाडीचे आवाज काढायचा, आणि रस्त्यावरची माणसं त्याच्याकडे बघून हसायची. मग धाकटी झाली. मोठ्याने पुढची जागा सोडायला साफ नकार दिला, म्हणून तिला आई-बाबांच्या मध्ये कोंबली. पट्ट्यावर, माझ्या बरोबर मधोमध. ती जागा टाकीची नव्हती, खांद्याची नव्हती, ती माझी होती.

धाकटी म्हणजे चिमूटभर पोरगी. तिचं वजन मला जाणवायचंच नाही. तिला बिचारीला काही दिसायचं नाही. पुढे बाबांची पाठ आणि मागे आईचं पोट. कंटाळली की ती पट्ट्याशेजारी नखाने रेक्झिन उकरायची. उकरून उकरून तिने तिथं एक भोक पाडलं, आणि आतला फोम चिमटीने काढून वाऱ्यावर सोडायची.

"अगं, सीट खातेस का काय?" आई तिच्या हातावर चापट मारायची.

मी मनात म्हणायचे, खा गं, खुशाल खा.

मुलं वाढली, बाबांचा गुडघा दुखायला लागला, किक बसेना. घरात मोटार आली. तिच्यात प्रत्येकाला वेगळी सीट, वर डोकं टेकायला उशी! एवढे लाड कशाला? माझ्यावर चौघं बसून लग्नाला जाऊन आलेत, कुणी तक्रार केली नाही. पण आम्हाला विचारतो कोण. मोटारसायकल गॅरेजच्या एका कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली. टायर बसले, चेन आखडली, टाकीला गंज चढला. टाकीचं वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. माझ्यावर निदान घरचं मांजर झोपायला यायचं. टाकीवर तेही येत नव्हतं.

मोठा दूरच्या शहरात नोकरीला लागला. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि सुट्टी मिळाली की मैत्रिणीची गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून येते. एक दिवस ती गॅरेजमध्ये आली, मांजराला माझ्यावरून उचललं आणि म्हणाली, "बाबा, ही गाडी मला द्या. मी हिची ट्रॅकची गाडी करते."

"कर की," बाबा म्हणाले. "नाहीतरी मांजरच वापरतंय."

माझं नशीब उघडलं असं मला वाटलं. आता धुतील, पुसतील, नवं रेक्झिन चढवतील. तसं काही झालं नाही. पाना घेऊन आली तिची मैत्रीण. हिचं स्वतःचं गॅरेज आहे, त्यामुळे सगळे तिला मिस्त्री म्हणतात. गाडीवरून सगळ्यात आधी काय काढलं असेल? मला. दोन नट, आणि मी जमिनीवर.

"हिचं काय करायचं?" मिस्त्रीने विचारलं.

"भंगारात," धाकटी म्हणाली. अगदी सहज.

"थांब गं," आई दारातून म्हणाली. "मला बसायला होईल. तुमचं होईपर्यंत राहू दे."

म्हणजे गाडी तयार होईपर्यंतच माझं आयुष्य! मला विटांवर टेकवलं. आई संध्याकाळी येऊन बसायची. पुढचा भाग रिकामा असला तरी बसायची ती मागच्याच अर्ध्यावर. सवय.

त्या दोघींना वजनाचं वेड लागलं होतं. जे काढतील ते आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं आणि आनंदाने ओरडायचं. दिवा काढला, आरसे काढले, स्टँड काढला. हॉर्न काढला तेव्हा आईला राहवेना.

"हॉर्न नाही? मग पुढच्याला सरक कसं सांगणार?"

"आई, तिथं सांगत नाहीत. सरळ पुढे जातात."

"आणि मी कुठं बसायचं?"

"ट्रॅकवर मागे कुणी नसतं गं."

आईने माझा पट्टा हातात धरून ठेवला. मला वाटलं, ही आपल्या बाजूची आहे. आपलं दोघींचं दुःख एकच.

मला काट्यावर ठेवलं तेव्हा काट्याने हात टेकले. "बाप रे, किती जड!" दोघी म्हणाल्या. मला लाजायचं कारण नव्हतं. दोन माणसं आणि दोन पोरं पेलायला अंगात काहीतरी लागतं.

इंजिन उघडलं, पिस्टन नवा बसवला, कार्बोरेटरची भोकं तारेने साफ केली. हँडल खाली वाकवलं, पावलं ठेवायच्या दांड्या मागे नेल्या. टाकीचा गंज आतून बाहेरून काढला, म्हणजे शेवटी तिचं नशीब उघडलंच. एकदा ग्राइंडर लावायचा होता. ठिणग्या उडतील म्हणून आईने माझ्यावर जाड चादर टाकली, त्यामुळे काय कापलं ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तर पुढची आशा मी धरली नसती.

मग ती जन्माला आली. माझी सवत. फायबरच्या कापडाचे तुकडे साच्यावर पसरून, त्यावर चिकट औषध लावून, थरावर थर देऊन धाकटीने तिला घडवली. सगळ्या घराला खाज सुटली, बाबा शिंकून बेजार झाले, पण कौतुकाला खंड नाही. वाळल्यावर धाकटी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून तिला घासत बसायची. घासायची, मग डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायची. मी भिंतीशी बसून ते बघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या पोरीला मी मांडीवर वाढवली, आणि हिने माझ्यावरून असा हात एकदाही फिरवला नव्हता.

लाल रंग दिला. एकच माणूस बसेल एवढी, मागे वर उचललेली शेपटी, वर कागदासारखा पातळ फोम आणि चकचकीत रेक्झिन. काट्यावर ठेवली तर काटा हललाच नाही म्हणे. मांजरसुद्धा मला सोडून तिच्यावर चढलं. चढलं आणि घसरून खाली पडलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी दोघींनी गाडी बंद गोदामामागच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवली. परत आल्या तेव्हा धाकटीचं तोंड उतरलं होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"घसरगुंडी आहे ती. जोरात सोडली की मी मागे जाते, नुसती हँडलला लटकते. ब्रेक दाबला की टाकीवर आपटते."

"वजन कमी करता करता बसायचंच काढून टाकलंत तुम्ही," बाबा म्हणाले. "उद्या नको जाऊस."

"बाबा, उद्यासाठी मी वर्षभर थांबलेय. जाड फोम हवा, घट्ट. पण आज सुट्टी, एक दुकान उघडं नाही."

मग आई माझ्याकडे बघायला लागली. माझ्यावरून तिने हात फिरवला. होय, फिरवला! बाबांनी मला उचललं, गाडीकडे नेलं. आली वेळ, मी म्हटलं. उतर आता खाली, सवते.

बाबांनी मला गाडीवर धरलं आणि तसेच थांबले. मी कुठंच टेकत नव्हते. माझे नट जिथं बसायचे तो सांगाड्याचा मागचा भागच नव्हता. चादरीखाली होते तेव्हा तेच कापलं होतं. मला सवतीने हटवलं असं मी समजत होते. जागाच उरली नव्हती.

बाबांनी मला परत विटांवर ठेवलं. आई वाकून अंगठ्याने मला दाबत गेली. पुढे दाबलं. "हा फोम पार बसलाय. हे तुमचं काम." मागे दाबलं. "हाही बसलाय."

"ते तुझं काम," बाबा म्हणाले.

मग तिने मधोमध दाबलं. अंगठा रुतला नाही, वर उडाला. तिने पुन्हा दाबून बघितलं आणि धाकटीला म्हणाली, "हा बघ. अजून नव्यासारखा आहे."

"इथंच कसा काय?"

"इथं तू बसायचीस ना."

धाकटी खाली बसली. पट्ट्याशेजारचं भोक तिला सापडलं. तिने त्यात बोट घालून बघितलं. आता टोकसुद्धा मावेना. आईने घरातून मोठी सुरी आणली. जिला मी आपली समजत होते, तिने!

"आई, मी कापते," धाकटी म्हणाली.

"नको, मीच कापते. तू वाकडं कापशील."

आईने आधी पट्टा सोडवून बाजूला ठेवला, मग सरळ कापलं. तो तुकडा सवतीवर चिकटवला, मागच्या बाजूला थोडा उंच ठेवला, वरून धाकटीच्या जुन्या जीन्सचं कापड ताणून बसवलं. धाकटीने त्यावर बसून मागे पुढे जोर देऊन बघितला. हलली नाही.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. गाडी चढवली, मोटारीत बसून आई-बाबाही गेले. मी मागे राहिले, मांजर माझ्या खड्ड्यात बरोबर मावून झोपलं.

संध्याकाळी सगळे परतले. बाबा माझ्या पुढच्या अर्ध्यावर बसले, आई मागच्या अर्ध्यावर. धाकटी हेल्मेट हातात घेऊन आली, तोंड धुळीने माखलेलं. जुन्या सवयीने दोघांच्या मध्ये बसायला गेली आणि खड्ड्यात धपकन अडकली. तिघंही पोट धरून हसले.

"एकदाही घसरले नाही गं, आई," ती म्हणाली.

आता भंगाराचं नाव कुणी काढत नाही. तरी माझा स्वभाव काही जात नाही. पूर्वी टाकीवर जळत होते, खांद्यावर जळत होते, सवतीवर जळत होते. आता माझ्याच अंगाच्या तुकड्यावर जळते. ट्रॅकवर तो जातो, वारा तो खातो, पोरगी त्याच्यावर बसते. दर वेळी टेंपोचं दार लागलं की मी त्याला एवढंच सांगते: अरे, मला हेवा वाटतो तो वाटू दे. आता तिच्या पुढे बाबांची पाठ नाही आणि मागे आई नाही. तू तेवढा तिला सोडू नकोस.