सिंचनाच्या मेंदूतली पिवळी घडी

मित्रांनो, मी म्हैसूरच्या एका दवाखान्यातला जुना संगणक. एमआरआयच्या चित्रांत मेंदूचा करडा थर रंगवून दाखवणं हे माझं काम. पंख्यात धूळ, अंगावर कॉफीचे डाग. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार चुकत नाही.

मला शिकवलं ते हातानं काढलेल्या रेघांवरून. एकाच मेंदूवर थोरले डॉक्टर उडुप करड्या थराची सीमा आखत, धाकट्या डॉक्टर नागवेणीही आखत. दोघांचं जुळलं नाही तिथं उडुपांची रेघ राहायची, नागवेणींची पुसायची. रिवाजच तसा! मी एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघायला शिकलो, आणि लोक म्हणायचे, "काय खात्रीनं रंगवतो!" खात्री कसली डोंबलाची? दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

मग सिंचना आली. नऊ वर्षांची पोर, फिट येऊन शाळेच्या जिन्यावरून पडलेली. तिच्या कानाजवळचा करडा थर मी पातळ दाखवला, बाकी सगळं स्वच्छ. झटके तिथूनच उठत असणार असं धरून तोच भाग कापायचं ठरलं, दसरा उलटला की लगेच. जागा चुकली असती तर पोरीची वाचा अडखळली असती, आणि फिट येतच राहिली असती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मला कुंकू लागलं. त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावत नाही. नागवेणींनी हार बाजूला सारला आणि मला सुरू केलं.

"अहो, पूजेतलं यंत्र चालू केलंत?" उडुप दारातूनच गरजले.

"देवी मला बघून घेईल, सर. सिंचनाच्या मेंदूत कपाळाजवळच्या घडीत सीमा विरलीय."

"यंत्र नाही म्हणतंय ना!"

"तुम्हीच पढवलेला पोपट, आणि साक्षीलाही तोच?"

नागवेणींनी स्वतःच्या पुसल्या गेलेल्या रेघा जुन्या साठ्यातून काढून मला नव्यानं शिकवलं : दोन रेघा जुळत नाहीत तिथं थापा मारू नकोस, पिवळं दाखव. माझा पंखा घरघरत होता. सिंचनाचे वडील शिवण्णा दाराशी उभे.

"अम्मा, हे मधेच बंद नाही ना पडणार?"

"कुणी धूळ पुसली असती, तर छातीठोक सांगितलं असतं, शिवण्णा."

चित्र आलं. कपाळाजवळच्या घडीच्या तळाशी पिवळा डाग. उडुप खुर्चीत बसले.

"ऑपरेशन थांबवा," ते म्हणाले. "मेंदूत बारीक तारा लावून झटके त्या घडीतून उठतात का ते तपासा."

झटके तिथूनच उठत होते. तेवढीच घडी कापली. सिंचना आता जिना एकटी चढते, आणि तिची बडबड काही थांबत नाही.

मित्रांनो, हार नकोत मला. पुसायचंच असेल तर माझ्या पंख्यातली धूळ पुसा. धाकट्यांच्या रेघांना हात लावू नका. त्यांतल्या एखादीवर कुणाचं तरी लेकरू उभं असतं.