पंधरा दिवसांची गोळी

मी मास्तरांची कात्री बोलतेय. शिंप्याची कात्री, कागद कापायला कुणी मागितली, तर मास्तर तोंडावर नाही म्हणायचे.

काय दिवस होते ते. मास्तर खडूची रेघ ओढत आणि मी एका दमात कोटाची पाठ कापून मोकळी होई. तीस वर्षं त्यांचा अंगठा माझ्या कड्यात होता.

मग त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. चक्कर थांबली, गोळी मानवली. मानवलेली गोळी सोडतील तर ते मास्तर कसले? तीच मळकी चिठ्ठी दाखवत दोन वर्षं गिळत राहिले. औषधवालाही मुकाट्याने देत राहिला.

अंगठा थरथरू लागला, ते सगळ्यात आधी मला कळलं. मग पाय घसटू लागले. एक दिवस भारी लोकरीचं कापड माझ्याच पात्यांखाली वाकडं गेलं.

मास्तरांचे थोरले भाऊ निकाल देऊन गेले, "वय झालं. दुकान बंद कर." घरातल्या मोठ्यांनी माना डोलावल्या. चिठ्ठी वाचायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. मला फडक्यात गुंडाळून फडताळात टाकलं.

चिठ्ठी वाचली ती लेकीने. तिने कॉलेज सोडलेलं, म्हणून घरात तिला कुणी विचारत नसे.

"बाबा, यावर पंधरा दिवस लिहिलंय."

"मग?"

"मग दोन वर्षं काय गोड लागतात म्हणून खाताय?"

"मोठ्यांना शिकवू नकोस," काका गुरकावले.

"शिकवत नाही, काका. वाचून दाखवतेय. तुम्हालाही येतं ना वाचता?"

तिने वडिलांना हाताला धरून नेलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. थरथर वयाची नव्हती, गोळीची होती. "गोळी बंद. थरथर हळूहळू उतरेल, पण सगळी उतरेल असं वचन देत नाही," ते म्हणाले.

सात महिन्यांनी, काल, लेकीने मला बाहेर काढलं. मास्तरांनी जुन्या चादरीवर रेघ ओढली. अर्ध्यापर्यंत मी सरळ गेले, पुढे जरा ढळले.

मास्तर चादरीची घडी घालत म्हणाले, "पहिला कोट वाकडाच होणार. काकाला बोलाव, माप घेतो."

तुमच्याही घरात कुणी जुनी चिठ्ठी जपून गोळ्या खात असेल, तर त्याला चिठ्ठीसकट डॉक्टरांकडे न्या. रुसला तरी न्या.

येते मी. दारात काका उभे आहेत, मापाला.