तिसऱ्या ढिगातली

मी एक साडी बोलतेय. रेशमी, राणी रंगाची, पोपटी काठाची, अंगभर बारीक बुट्टे असलेली. कपाटात एकीवर एक पडून गप्प राहणं हाच आम्हा साड्यांचा जन्म. पण मला जे दिसलं ते सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझा जन्म येवल्याच्या मागावर झाला. पैठणी नव्हे मी. तिची गरीब चुलतबहीण म्हणा. आमच्यातही पायऱ्या असतात. बारामतीच्या ज्या दुकानात मी आले तिथं पैठण्या काचेआड बसायच्या, कांजीवरम गादीशेजारी, आणि आम्ही खालच्या फळीवर. त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं.

सन १९९३ची दिवाळी नुकतीच झाली होती. दुकानात एक बाई आली, सोबत तिची मुलगी. बाईचं नाव नकोशी. आईबापांना चौथी मुलगी झाली म्हणून हे नाव पडलं, आणि तेच राहिलं. नवरा आबाजी पोरवयात बापाबरोबर मेंढरं घेऊन सुप्याच्या माळावरून कोकणापर्यंत चालत गेलेला. पुढं तो कालव्याच्या कामावर लागला, मग स्वतःच कामं घेऊ लागला, आणि आता बारामतीत त्यांचा स्वतःचा बंगला होता. नकोशीला मात्र बंगल्याची सवय झाली नव्हती. दुकानातल्या गादीवरही ती कडेला, पाय दुमडून बसली.

मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न ठरलं होतं. इंदापूरकडचं मोठं घराणं. दोन्ही घरं एकाच समाजाची, दोन्ही मेंढरांमागं हिंडलेली. फरक एवढाच, की त्यांची मेंढरं एक पिढी आधी सुटली होती. तेवढ्यावर ते वरचे झाले होते.

नकोशी आली होती विहिणीसाठी मानाची साडी घ्यायला. दुकानदारानं काचेआडच्या पैठण्या काढल्या. तिनं त्या पाहिल्या, बाजूला सारल्या, आणि तिची नजर खाली माझ्यावर आली. मला उलगडून तिनं गालाला लावलं.

"आई, हा रंग नको गं," प्रतीक्षा हळूच म्हणाली. "त्यांच्याकडं असलं भडक कुणी नेसत नाही."

"माझ्या लग्नात मला असला रंग पायजे हुता," नकोशी म्हणाली. "आईनं थोरलीचंच लुगडं दिलं. तवापास्नं मनात हाय बघ. आपल्याला जे लई आवडतं तेच दुसऱ्याला द्यावं."

आणि मी घडी होऊन नकोशीच्या मांडीवर आले. इतक्या हौसेनं कुणी कुणासाठी काही घेताना मी त्या दुकानात पाहिलं नव्हतं.

साखरपुडा खरं तर मुलीकडं व्हायचा. पण मुलाच्या आईनं, कौसल्याबाईंनी, निरोप धाडला होता, "आमचे पाहुणे तुमच्याकडे मावायचे नाहीत. इकडेच करू." म्हणून सगळे इंदापूरला गेले. दारात गाड्यांची रांग, आत पायाखाली गालिचा. कौसल्याबाई गोऱ्या, ठसठशीत, बोलणं अगदी छापील. नकोशीनं मला ताटातून पुढं केलं. कौसल्याबाईंनी दोन बोटं मला लावली, "कशाला एवढं," म्हणाल्या आणि ताट मागं उभ्या असलेल्या बाईकडं दिलं.

जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत बायका आहेरात आलेल्या साड्या निवडायला बसल्या. ज्यांच्या घरी लग्न झालंय त्यांना हा कार्यक्रम ठाऊक असेल. पहिला ढीग ठेवायच्या साड्यांचा. दुसरा नात्यात फिरवायच्या. तिसरा कामाच्या बायकांना द्यायच्या. कौसल्याबाईंनी होणाऱ्या सुनेलाही कौतुकानं जवळ बसवून घेतलं होतं. प्रतीक्षा फुलून गेली होती. एवढ्या मोठ्या घरच्या बायका तिला नावानं हाक मारत होत्या.

मला हातात धरून कौसल्याबाईंच्या बहिणीनं विचारलं, "ही कुणाकडची गं? अगदी जत्रेतली वाटते."

सगळ्या हसल्या. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि हसू थांबलं. कौसल्याबाई प्रतीक्षाकडं वळून गोड आवाजात म्हणाल्या, "तुझ्या आईंनी दिलीय ना? राग मानू नकोस हं. तुला कशी वाटते?"

प्रतीक्षाचे कान लाल झाले. "मलाही नव्हती आवडली," ती म्हणाली. "आईला त्यातलं कळत नाही."

मी तिसऱ्या ढिगावर जाऊन पडले.

"बरं, पत्रिकेवर आईंचं नाव काय घालायचं?" कौसल्याबाईंनी विचारलं. "मोठमोठी माणसं येणार. नकोशी बरं दिसणार नाही."

"नलिनी घाला," प्रतीक्षा म्हणाली. तिनं ते आधीच ठरवून ठेवलं असावं, इतक्या पटकन म्हणाली.

तिसरा ढीग दाराजवळ होता, म्हणून मला जे दिसलं ते आतल्या कुणाला दिसलं नाही. नकोशी उंबऱ्याबाहेर उभी होती. लेकीला बोलवायला आली असेल. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. थोड्या वेळानं ती पुढं झाली आणि म्हणाली, "नलिनी चांगलं हाय. प्रतीक्षा, निघायचं हाय गं, गाडी आलीया."

प्रतीक्षानं आईकडं पाहिलं. आई कधीपासून उभी होती, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

लग्न थाटात झालं. मी तेव्हा इंदापुरातच, तिसऱ्या ढिगासकट ट्रंकेत. पण घरात परतलेल्या बायकांचं बोलणं कानावर आलं. मांडवात कुणी "नलिनीताई, नलिनीताई" हाका मारत होतं आणि नवरीची आई वळूनच बघत नव्हती म्हणे. त्या गोष्टीवर बायका किती तरी दिवस हसल्या.

प्रतीक्षा त्या घरात सून म्हणून आली. नवरा मल्हार स्वभावानं वाईट नव्हता, पण आईपुढं त्याचा शब्द चालत नसे. हळूहळू प्रतीक्षाला कळत गेलं, की या घरात प्रत्येक माणसाला एक पायरी नेमून दिलेली आहे. कोण सोफ्यावर बसणार, कोण खुर्चीवर, कोणाला ओसरीवरच चहा जाणार, हे कुणी सांगायचं नाही, आपण ओळखायचं. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना कौसल्याबाई "आमच्या कॉन्ट्रॅक्टरांची मुलगी" म्हणायच्या, आणि ते ऐकताना पाहुण्यांच्या भुवया किंचित वर जायच्या.

मागच्या खोलीत कौसल्याबाईंच्या सासूबाई, तानूबाई, राहायच्या. पाहुणे आले की त्या खोलीचं दार लावलं जाई. कारण म्हातारीला कुणी दिसलं की ती मेंढरांच्या आणि माळावरच्या मुक्कामांच्या गोष्टी काढायची. प्रतीक्षा दुपारी तिच्याजवळ जाऊन बसू लागली. म्हातारीचं बोलणं थेट आईसारखं होतं. तेच हेल, तेच "व्हय गं". सासरी येऊन प्रतीक्षाला आईची आठवण पहिल्यांदा आली ती त्या दाराआड.

दीड वर्षानं प्रतीक्षाला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. नकोशी बारामतीहून पाच प्रकारचे लाडू करून घेऊन आली. फुलांचे दागिने घातलेली लेक झोपाळ्यावर बसलेली, भोवती बायकांची दाटी. निघायच्या वेळी कौसल्याबाईंनी कामाच्या बाईला सांगितलं, "विहीणबाईंची ओटी भरायचीय, एक साडी काढ गं." त्या बाईचा हात नेहमीच्या सवयीनं ट्रंकेतल्या तिसऱ्या ढिगात गेला. माझ्यावर गुंडाळलेला कागद अर्धा फाटला होता.

कौसल्याबाई कुणाशी तरी बोलत होत्या. न बघताच त्यांनी मला नकोशीच्या पदरात घातलं, वर नारळ ठेवला.

प्रतीक्षानं कागदातून डोकावणारा राणी रंग पाहिला. तिनं झोपाळ्याची साखळी धरली. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पण खोलीत डॉक्टरांची बायको होती, कारखान्याच्या संचालकांच्या घरच्या बायका होत्या. ती बोलली नाही.

नकोशीचा हात माझ्यावर येऊन थांबला. मग तिनं कागद नीट केला, जसं मूल झाकावं तसा.

"रंग लई चांगला हाय," ती म्हणाली. "माझ्या आवडीचा."

"हो, तुम्हाला शोभेल असाच बघून काढला," कौसल्याबाई म्हणाल्या.

अशी मी बारामतीला परत आले. आबाजीनं मला पाहिलं आणि तो ताडकन उठला. "ही तर आपलीच. तू दिलेली. मी आत्ता फोन लावतो त्येंना."

"नगं," नकोशी म्हणाली. "पोरगी तितं नांदती. साडीपायी तिच्या जिवाला घोर कशाला?"

"आपल्याकडं काय कमी हाय गं त्येंच्यापेक्षा?"

"काय न्हाय," ती म्हणाली आणि मला कपाटात ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही.

बाळंतपणही कौसल्याबाईंनी इंदापूरलाच करवलं. प्रतीक्षाला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण आलं तेव्हा नकोशीनं मला बाहेर काढलं आणि पहिल्यांदा नेसली. आबाजी म्हणाला, "हीच कशाला?" तर म्हणाली, "दिलेली साडी नेसून गेलं म्हंजी देणाऱ्याचा मान ऱ्हातो." तिच्या मनात टोमणा नव्हता. मी अंगावर होते, मला माहीत आहे. मला बरं वाटत होतं. माझा रंग तिच्या सावळ्या अंगाला इतका खुलून दिसत होता, की गाडीत बसताना आबाजी उगीच वळून वळून बघत होता.

पाळण्याभोवती बायका जमल्या. कुणीतरी माझं कौतुक केलं. कौसल्याबाई लगेच म्हणाल्या, "मीच दिलीय ती. आम्ही नलिनीताईंना काही कमी पडू देत नाही."

पाळण्याची दोरी प्रतीक्षाच्या हातात होती. ती तिनं सोडली.

"सासूबाई, ती साडी आईनंच तुम्हाला दिली होती," ती म्हणाली. "साखरपुड्यात. आणि तिचं नाव नलिनी नाही, नकोशी आहे."

पाळणागीत थांबलं. कौसल्याबाई हसल्या. "असेल बाई. एवढ्या साड्या येतात घरात, कुठं लक्षात राहतं?" त्यांना काही झालं नाही. पण खोलीतल्या साऱ्या बायका नकोशीकडं बघू लागल्या. आधी तिच्या तोंडाकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. नकोशीच्या अंगाला घाम सुटला. मी पाठीला चिकटले.

तिनं नातीच्या हातात चांदीचा वाळा घातला, तिची दृष्ट काढली आणि जेवायच्या आधीच निघाली. जाताना ती मागच्या खोलीत डोकावली. तानूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि माझ्यावरून पुरा तळहात फिरवला.

"लई मऊ हाय गं. कुणी घेतली?"

"मीच घेतली, आत्या."

"ब्येस केलंस."

त्या घरात मला पुऱ्या तळहातानं शिवलेलं ते एकच माणूस.

प्रतीक्षा धावत फाटकापाशी आली. बाळंतिणीनं असं धावू नये. तिचे डोळे भरले होते. "आई, मी बोलले गं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले."

नकोशीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. आवाज चढला नाही तिचा. "आता कशाला बोललीस, बाळा? तवा बोलायचं हुतं. मी दारातच हुती."

आणि ती गाडीत बसली.

त्यानंतर नकोशी इंदापूरला गेली नाही. भांडण झालं नाही. दर वेळी काही ना काही कारण निघालं. प्रतीक्षा मात्र बारामतीला येते, मुलीला घेऊन. मागच्या उन्हाळ्यातही आली होती. कपाटाचं दार उघडं होतं, म्हणून मी पाहिलं. लेक यायची म्हणून नकोशीनं पलंगावर नवी चादर घातली. चहा केला आणि रोजचे कप सोडून पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप काढले. बशीत बिस्किटं मांडली. प्रतीक्षा कप हातात धरून बघत राहिली.

"आई, मला माझ्या जुन्या कपात दे ना," ती म्हणाली.

"असू दे," नकोशी म्हणाली. "तुमाला सवय हाय असल्याची."

तुला नव्हे, तुमाला. ते ऐकून प्रतीक्षानं कप खाली ठेवला. नकोशीच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच त्यावर काही बोलता येईना. आईनं तिला पाहुण्यांच्या पायरीवर बसवलं होतं, अगदी मान देऊन.

निघताना प्रतीक्षा कपाटापाशी आली. तिनं मला हातात घेतलं, गालाला लावलं. आईकडं मला मागावं, घेऊन जावं असं तिच्या मनात होतं. तिच्या बोटांना कळत होतं. पण तिनं मागितलं नाही, आणि नकोशीनंही 'घेऊन जा' म्हटलं नाही. मी पुन्हा फळीवर आले.

आता १९९९ चाललंय. बारशानंतर मला कुणी नेसलेलं नाही. रेशीम एकाच घडीवर पडून राहिलं की घडीच्या रेघेवर चिरत जातं. मलाही मधोमध एक बारीक चीर पडू लागली आहे. अजून ती कुणाला दिसलेली नाही. वेळेवर बाहेर काढून, उलगडून, दुसऱ्या बाजूनं घडी घातली तर मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. त्याला दोन माणसं लागतात, एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. पुढच्या खेपेला प्रतीक्षा आली, की कुणीतरी त्या दोघींना एवढं सांगा.