फळीवर चिरलेली अकरा वर्षांची मासळी

मी मासे मोजायची एक जुनी फळी आहे, मित्रांनो. सुताराने मला जाड लाकडातून तासले, कडेला आकड्यांची पितळी पट्टी ठोकली आणि नदीकाठच्या मत्स्य संशोधन केंद्रात आणून ठेवले.

माझे काम साधे होते. नदीतला सोनखवल्या मासा माझ्यावर आडवा ठेवायचा, लांबी वाचायची, दोन खवले काढायचे आणि मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. मग केंद्रातल्या ताई ते खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघत. झाडाच्या बुंध्यात दिसते तशी खवल्यावरही दरवर्षी एक रेघ उमटते. रेघा मोजल्या की वय कळते.

पूर्वी माशांच्या शेपट्या माझ्याबाहेर लोंबत. पुढे नदीत गटारे सोडली, वाळू उपसली, बारीक जाळी आली. मासे आखूड झाले. अंगावर फोड, कल्ल्यांत काळा गाळ. तो बुळबुळीत वास माझ्या भेगांत बसला, तो घासूनही गेला नाही. तीन रेघांपुढचा खवला ताईंना दिसेना. आणि सोनखवल्याची मादी पाच वर्षांची झाल्याशिवाय अंडीच घालत नाही.

एके सकाळी म्हातारे मच्छीमार तात्या पाण्याने भरलेल्या टपात एक भलीमोठी मादी घेऊन आले. ताई कामाला बाहेर गेल्या होत्या. तात्या केंद्राच्या नव्या साहेबांना म्हणाले, "हिला मोजा आणि लगेच सोडा. पोटुशी आहे." साहेबांनी मान डोलावली. तात्या निर्धास्तपणे नाव घेऊन पुन्हा नदीवर गेले.

त्या दिवशी विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवायची की नाही, हे ठरवायला सरकारी पाहुणे आले होते. साहेबांनी मादीसोबत फोटो काढून घेतला आणि तिला स्वयंपाक्याच्या हवाली केले. त्याने तिला माझ्यावरच चिरले. पोट फाडताच तो थबकला. "साहेब, गाभोळी भरलीय हिच्यात."

"मग तीही तळ."

रक्त, आतडी आणि हजारो अंडी माझ्या आकड्यांवरून ओघळली. पाहुणे बोटे चाटत म्हणाले की एवढा मासा मिळतो म्हणजे नदी ठणठणीत आहे, बंदीची गरज नाही.

दुपारी ताई परतल्या. माझ्या भेगेत अडकलेला खवला त्यांनी चिमट्याने काढला आणि रेघा दोनदा मोजल्या. अकरा. त्यांनी नोंदवहीत लिहिले : मादी, वय अकरा वर्षे, साहेबांच्या पंगतीत खाल्ली. साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली. ताईंनी खोडली नाही. पण बंदीही त्या वर्षी झाली नाही.

त्याच दुपारी तात्या दारात आले. "सोडली ना?" त्यांनी विचारले. ताईंनी तो खवला त्यांच्या तळहातावर ठेवला.

मित्रांनो, मला पुसून जपा, असे मी म्हणणार नाही. माझी मलाच किळस येते. पण नदीत कधी एखादी मोठी मासळी दिसली, तर तिला पाण्यातच राहू द्या. तिच्या वयाचे दुसरे कुणी तिथे उरलेले नसेल.